घाट तोच राहू दे

अगं, सगळ्यात आधी ते 'इ. स. ३०४५' खोडून टाक. आणि आकाशातल्या तीन चंद्रांपैकी दोन काढ. रागावू नकोस. तुझी कल्पना चांगली आहे, भाषा तर फारच चांगली आहे. पण चार पानं वाचून झाली तरी मला एकही माणूस भेटला नाही. राजधानी भेटली, यंत्रं भेटली, तीन महायुद्धांचा इतिहास भेटला. तुझी नायिका उगवली ती पाचव्या पानावर, आणि आल्या आल्या 'आपल्या ग्रहाच्या इतिहासात' असं भाषण द्यायला लागली. पाहुणा दारात उभा आणि आपण त्याला आत घ्यायचं सोडून वास्तुशांतीचे फोटो दाखवत बसलोय, तसं झालंय बघ ते.

तुझी काळजी मला कळते. विज्ञान बारावीनंतर सुटलं. वाचणाऱ्याचा विश्वास बसेल का याची धास्ती. पात्रं लाकडी होतात हे तुझं तुलाच दिसतंय, पण सुधारायचं कसं ते सुचत नाही. वर घरातले डबे, मुलाची शाळा, सासूबाईंच्या गोळ्या, आणि हे सगळं उरकून रात्री साडेदहाला वही उघडायची. सगळ्या गोष्टी एकदम अंगावर घेतल्यास तर घाबरशीलच की. आपण एकेक बघू.

खरं सांगू का, विश्वास बसायला मोठं जग लागत नाही. एकच गोष्ट बदललेली लागते, आणि बाकी सगळं ओळखीचं लागतं. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. तुझ्या-माझ्या दारावरूनच गेलेली एक गाडी आहे मराठी विज्ञानकथेत. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत'. वाचली नसलीस तर आज वाच. इंग्रजीतून ती एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातही आली आहे, नात्यातल्या एखाद्या कॉलेजच्या पोराकडे सापडेल.

गंगाधरपंत गायतोंडे हे इतिहासाचे प्राध्यापक. ते पुण्याहून मुंबईला निघालेत, आणि गाडी आहे जिजामाता एक्सप्रेस. डेक्कन क्वीनपेक्षा जोरात पळते. पुण्याबाहेर पडल्यावर कारखान्यांच्या वसाहती लागतच नाहीत. पहिलं स्टेशन लोणावळा, तेही चाळीस मिनिटांत. आणि मग घाट लागतो, तो मात्र त्यांना माहीत होता तसाच.

थांब इथे जरा. गंगाधरपंत ज्या वेगळ्या जगात येऊन पडलेत, त्या जगात १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर मराठे जिंकलेत. दोनशे वर्षांहून जास्त इतिहास वेगळा झालाय. इंग्रज आहेत, पण मुंबईपुरते, आणि त्यांच्या हद्दीत शिरायला परवाना लागतो. एवढं सगळं उलथंपालथं करून लेखकानं घाटाला हात लावला नाही. का लावेल? सह्याद्रीला पानिपताशी काय देणंघेणं! चढ तोच, कडे तेच, पावसाळ्यात कोसळणारं पाणी तेच. तो घाट आपल्या ओळखीचा निघाला की आपण गाडीत बसतो, आणि मग लेखक नेईल तिकडे जातो. तुझ्या गोष्टीत असा न बदललेला घाट कुठला, ते मला सांग. तीन चंद्र नंतर बघू.

आता त्याच कथेतला दुसरा धडा, आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. गंगाधरपंत परक्या मुंबईत उतरतात तेव्हा पहिलं काय करतात? जगाचं कोडं सोडवायला धावत नाहीत. आपल्या मुलाच्या ऑफिसात जाऊन मुलाची चौकशी करतात. तिथे त्या नावाचं कुणी नसतं. बघ, एका चौकशीत सगळं आलं. हा बाप आहे, हा एकटा पडलाय, आणि हे जग त्याचं नाही. मग ते ग्रंथालयात जाऊन इतिहासाची पुस्तकं उघडतात आणि कुठल्या वळणावर गोष्ट बदलली ते शोधतात, कारण तोच त्यांचा धंदा आहे. दुसरा कुणी असता तर दारूच्या दुकानात गेला असता किंवा पोलिसांत.

आणि शेवटी ती खुर्ची. हा माणूस ९९९ सभांचा अध्यक्ष झालेला, हजाराव्या अध्यक्षीय भाषणाच्या तयारीत असलेला. आझाद मैदानावर व्याख्यान चाललंय आणि मंचावरची अध्यक्षांची खुर्ची रिकामी. त्यांच्यानं राहवत नाही. ते जाऊन बसतात! त्या जगातले लोक अध्यक्षीय भाषणांना इतके विटलेत की त्यांनी ती प्रथाच मोडलीय. मग टोमॅटो, अंडी, आरडाओरडा, आणि गंगाधरपंत तरीही बोलतच राहतात. हसू येतं की नाही? पण हसता हसता लक्षात घे. ती खुर्ची दुसऱ्या कुणासाठी नुसतं लाकूड होती. या माणसाला मात्र तिनं ओढलं, कारण खोड त्याची होती. जगाचा नियम आणि माणसाची खोड समोरासमोर आली, आणि तिथे गोष्ट घडली.

तुझं काम एवढंच आहे बघ. एक बदल शोधायचा. आणि असा एक माणूस शोधायचा, की तो बदल नेमका त्याच्या दुखऱ्या जागेवर पडेल. या दोन गोष्टींची गाठ बसली की पात्र लाकडी राहूच शकत नाही. तुझी नायिका लाकडी झाली, कारण तिच्या जगात जे झालं ते कुणालाही झालं असतं. तिच्या जागी शेजारीण ठेवली असतीस तरी एक वाक्य बदलावं लागलं नसतं.

आता तू म्हणशील, बदल आणू कुठून? अगं, तू मावळात राहतेस! तुझ्या डोक्यावर धरणं, पायाखाली लेणी, मधून रेल्वे. चल, एक आपणच बांधून बघू. तुला आवडली तर घे, नाही तर सोड.

लोणावळ्याच्या वरची टाटांची धरणं तुला माहीत आहेत, वळवण, शिरोता वगैरे. ते पाणी मूळचं पूर्वेचं. इंद्रायणीच्या वाटेनं गेलं तर कार्ला, कामशेत, वडगाव, देहू, आळंदी करत तुळापूरला भीमेत आणि पुढे पंढरपूरला जाणारं. पण १९१५ पासून ते पाइपांतून घाटाखाली उतरतं, सुमारे पाचशे मीटर खाली. खोपोलीच्या वीजघरातली चाकं फिरवतं आणि पाताळगंगेला मिळतं. म्हणजे घाटमाथ्यावर पडलेला पाऊस पंढरपूरला जायचा तो अरबी समुद्राला जातो. नुसतं हे खरंच किती नवलाचं आहे!

आता एकच बदल कर. समजा एका वर्षी ठरलं की घाटाखाली थेंबही सोडायचा नाही, सगळं पूर्वेला वळवायचं. बास. ना चंद्र, ना यान.

आणि आता लगेच लिहायला बसू नकोस. आधी विचार, मग काय होईल? खोपोलीची चाकं थांबतील, हे पहिलं, आणि हे कुणालाही सुचेल. त्याच्या पुढे जा. पाताळगंगेत उन्हाळ्यात जे पाणी दिसतं ते बरंचसं वीजघरातून सुटलेलं. म्हणजे एप्रिल-मेमध्ये खालची नदी आटेल, आणि त्या पाण्यावरचे कारखाने, नळपाणी योजना अडचणीत येतील. त्याच्याही पुढे जा. वरच्या गावांत भातानंतर दुसरं पीक निघायला लागेल. मग जमिनीचे भाव, मग भावाभावांतले वाद, मग ज्यांनी प्लॉट विकून टाकले त्यांची हळहळ. तिसऱ्या पायरीला गेलीस की गोष्टीत माणसं यायला लागतात. पहिल्या पायरीवर नुसती बातमी असते.

माणूस कोण? माझ्या डोळ्यांपुढे एक बाई येते. माहेर घाटावर, कार्ल्याच्या बाजूला. सासर घाटाखाली, खोपोलीजवळ. नाव तू ठेव. तिचं माहेर आता पाण्यानं फुललंय आणि सासरच्या विहिरीला तळ दिसतोय. इथपर्यंत ठीक आहे, पण अजून ती 'कुणीही' आहे. आता तिला एक खोड दे. ही बाई माहेराहून कधी काही घेत नाही. लग्नात हुंड्यावरून बापाला खाली मान घालावी लागली, तेव्हापासून तिनं ठरवलंय. भावजय दर वर्षी निघताना इंद्रायणी तांदळाची पिशवी भरते, आणि ही दर वर्षी ती ओट्यावरच ठेवून येते. भांडत नाही, बोलत नाही, नुसती ठेवून येते. बसच्या पायरीवर चढताना हात मोकळे. भावजयीला ते लागतं, तिनं कधी बोलून दाखवलेलं नाही.

आणि या बाईला आता माहेरी जाऊन पाणी मागायचंय.

बघ! अंगावर काटा आला की नाही? आता तुला यंत्र समजावून सांगावं लागणार नाही. वाचणारी बाई विचारेल, मागेल का गं ही? कशी मागेल? आणि ते वाचत जाता जाता पाणी कुठून कुठे वळतं हे तिला आपोआप कळेल, कारण तिला त्या बाईची चिंता लागलीय.

भावाला मात्र खलनायक करू नकोस हं. हे मी हट्टानं सांगतेय. त्याचं म्हणणं असं असू दे की त्यावर तुझ्याकडेही उत्तर नसेल. आमच्या डोंगरावर पडलेलं पाणी शंभर वर्षं दुसऱ्यांच्या दिव्यांसाठी खाली गेलं, आमची माणसं मात्र कोरडवाहूच राहिली, असं तो म्हणाला तर काय चुकीचं म्हणाला? मुळशीच्या धरणात जमिनी जाऊ नयेत म्हणून लोक १९२१ मध्ये सेनापती बापटांबरोबर उभे राहिले होते. त्या खोऱ्यांमधून हे सल अजून आहेत. दोघंही खरे असले की तुझ्या बाईची खरी पंचाईत होते. वाईट माणसाकडे पाणी मागणं सोपं असतं गं, शिव्या देता येतात. चांगल्या भावाकडे मागायचं म्हणजे जीव जातो.

आता जग कसं सजवायचं, ते सांगते. तू तुझ्या राजधानीत सगळंच नवं कोरं ठेवलंयस. भिंती नव्या, कपडे नवे, भांडीसुद्धा नवी. असं कधी असतं का? कार्ल्याच्या मोठ्या चैत्यात गेलीस की या वेळी मान वर करून छत बघ. एकवीरेला जाताना आपण पायऱ्या चढून दमतो आणि लेण्यात घाईघाईनं डोकावून निघतो. तिथे दगडाच्या कमानी छताला सागवानी लाकडाच्या फासळ्या बसवलेल्या आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीच्या, अजून जागच्या जागी. डोंगर कोरून काढलेल्या छताला लाकडाच्या आधाराची गरजच काय? काही नाही. पण त्याआधी अशा वास्तू लाकडाच्या बांधत, आणि लोकांच्या डोळ्यांना छत म्हणजे फासळ्या अशीच सवय होती. दगड नवा आला, सवय जुनी राहिली.

तुझ्या भविष्यातल्या माणसांनाही अशा सवयी दे. ज्या घरात आता आग पेटतच नाही तिथेही धुराड्याची जागा ठेवलेली असू दे. पाणी नळाला चोवीस तास आहे, तरी आजी रात्री घागर भरून ठेवतेच. का ठेवते ते सांगू नकोस. एक घागर लिहिलीस की मागच्या पन्नास वर्षांचा इतिहास लिहिल्यासारखा होतो, आणि तुझी ती तीन महायुद्धांची दोन पानं वाचतात.

नावांचंही तेच बघ. 'झेरॉन-९' काय, 'ॲस्ट्रापूर' काय! आपली माणसं नवीन गोष्टीला नाव कसं ठेवतात ते आठव. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून नवं वाण तयार झालं, १९८७ मध्ये ते शेतकऱ्यांसाठी आलं, आणि त्याचं नाव काय ठेवलं? इंद्रायणी. नदीचं नाव. नारळीकरांनी मराठ्यांच्या राज्यातल्या झटपट गाडीला नाव दिलं जिजामाता. नदी, देवी, संत, आई, गावची जत्रा, यांतूनच आपल्याकडे नावं येतात. तुझ्या पाणी वळवणाऱ्या योजनेचं सरकारी नाव लांबलचक असेल, पण लोक तिला काय म्हणतील? ते शोध. लोकांनी ठेवलेलं नाव सापडलं की लोक सापडतात.

माहिती कुठे आणि किती द्यायची, याची तुला फार धास्ती आहे ना? यावर माझा एक ठाम उपाय आहे. मुंबईहून येताना कर्जतला गाडी थांबते, मागून इंजिनं जोडतात आणि ती गाडीला घाट चढवतात. डब्यातला कुणी शेजाऱ्याला समजावतो का की चढ अमुक आहे, म्हणून मागून रेटा लागतो? छे. लोक वडे घ्यायला उतरतात. इंजिन लागल्याचा धक्का बसला की हातातला चहा सांभाळतात. ज्याला त्या थांब्याची सवय आहे तो इंजिनाकडे बघतही नाही, त्याचं लक्ष वडेवाल्याकडे आणि सुट्या पैशांकडे. तुझ्या गोष्टीतली यंत्रं माणसांनी अशी वापरू देत. त्यावर वैतागू देत, त्यात वेळ काढू देत. मामा शास्त्रज्ञ आणि भाची प्रश्न विचारतेय, असले संवाद आता पुरे झाले. भाचीनं एकदा तरी 'मामा, मला झोप येतेय' म्हणावं असं मला फार वाटतं.

विज्ञान येत नाही म्हणून रडू नकोस. सगळं विज्ञान कुणालाच येत नाही. तुला तुझ्या गोष्टीपुरती एक गोष्ट नीट आली पाहिजे. पाण्याची गोष्ट असेल तर पाणी कुठून कुठे जातं, किती उंचीवरून पडतं, पावसाळ्यात किती आणि उन्हाळ्यात किती, एवढं पक्कं कर. लोणावळ्यात पाऊस चार हजार मिलिमीटरच्या पुढे जातो आणि पूर्वेला तळेगावाकडे आलं की थोड्याच अंतरात तो झपकन उतरतो. घाटातल्या बाईला रेनकोटचा कंटाळा आणि पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या तिच्या मावशीला आभाळाकडे बघायची सवय, हे शास्त्रच आहे की. शेतीखात्यातल्या माणसाला विचार, वीजघरातून निवृत्त झालेल्या काकांना विचार. लोक भरभरून सांगतात गं, त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. मात्र तू लिहिताना त्यातला दहावा भाग वापर. उरलेलं तुझ्या मनात राहू दे, ते वाक्यांतून आपोआप जाणवतं.

आणि चमत्कार लिहायचा असेल तर आवाज चढवू नकोस. पवना धरणात वाघेश्वराचं जुनं देऊळ आहे. धरण भरलं की पाण्याखाली जातं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की बाहेर येतं. महिनोन् महिने पाण्यात राहिलेला देव! तिथली माणसं हे कशी सांगतात? 'औंदा लवकर उघडा पडला,' एवढंच. आणि दर्शनाला जातात. तू असतीस तर गूढ, अद्भुत, विस्मयकारक असे तीन शब्द लावले असतेस. ते तिन्ही काढ. अचाट गोष्ट साध्या तोंडानं सांगितली की अंगावर येते.

बोलण्याचं एक राहिलं. तुझी सगळी पात्रं एकसारखी बोलतात, पुस्तकी. घाटावरचा भाऊ, खालची सासू, पाटबंधारेवाला साहेब, तिघांचं मराठी वेगळं असणार. प्रत्येक ओळीत 'हाय', 'न्हाय' पेरायला सांगत नाहीये मी, ते नाटकी होतं. माणूस काय बोलायचं टाळतो ते बघ. आपल्या बाईनं पाण्याचा विषय काढायचाय, तर ती आधी काय बोलेल? भावजयीच्या गुडघ्यांची चौकशी करेल. आवणीला गडी मिळाले का विचारेल. गोठ्यात डोकावून येईल. तीन वेळा चहा होईल. मला विचारशील तर हे लांबणच कथेचं हृदय आहे, तिथे घाई करू नकोस. तळेगावच्या गो. नी. दांडेकरांचा 'पवनाकाठचा धोंडी' पुन्हा काढ वाचायला. त्यात विज्ञान अजिबात नाही, पण तुंगच्या किल्ल्याची हवालदारी उराशी धरून बसलेला धोंडी बघ. भोवतालचं जग बदललं आणि माणूस आपल्या मानाला चिकटून राहिला की काय होतं, हे त्याच्याइतकं जवळून दुसरं कोण सांगेल?

वेळेचं म्हणशील, तर रोज दोन तास तुला मिळणार नाहीत. मुलगा मोठा होईपर्यंत तरी नाहीत, हे मान्य करून टाक. वीस मिनिटं मिळतील. त्या वीस मिनिटांत जग रचत बसू नकोस, एक हालचाल लिही. आज रात्री एवढंच लिही, की ती बाई बदल व्हायच्या आधीच्या वर्षी माहेराहून निघतेय. पिशवी ओट्यावर. भावजय काय करते, भाऊ कुठे बघतो, ही चप्पल घालताना काय बोलते. एक पान. भविष्य, पाणी, योजना, काहीही नको त्यात. उद्या कणीक मळताना पुढचं सुचेल, आणि नाही सुचलं तर परवा. सुचलेलं मात्र लगेच फोनमध्ये बोलून ठेव, भांडी घासून होईपर्यंत वाक्य टिकत नाही.

कथा झाली की ज्यांना विज्ञानकथा मुळीच आवडत नाहीत अशा कुणाला तरी वाचून दाखव. तुझी थोरली जाऊ चालेल. वाचताना तिच्या तोंडाकडे लक्ष ठेव. तिनं 'म्हणजे काय?' विचारलं तर तिथे तुझं जग कच्चं आहे. तिनं 'असं का करेल ती?' विचारलं तर तिथे माणूस कच्चा आहे, आणि ते आधी दुरुस्त कर. आणि 'मग?' म्हणाली तर काही न बोलता वाचत राहा.

हसतील का लोक? खरं सांगू का, ही भीती मोठमोठ्यांना वाटली आहे. नारळीकर तेव्हा जगभर नाव झालेले शास्त्रज्ञ होते. अहमदाबादला एका परिसंवादात कंटाळवाणं भाषण चाललं होतं, तिथेच त्यांनी 'कृष्णविवर' लिहायला घेतली. १९७४ मध्ये ती मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला पाठवली, तेव्हा आपलं नाव घातलं नाही. नारायण विनायक जगताप असं टोपणनाव घेतलं, आपलीच आद्याक्षरं उलटी करून. अक्षर कुणी ओळखू नये म्हणून पत्नी मंगलाताईंच्या हातून कथा उतरवून घेतली. स्वतः गणिताच्या विदुषी असलेल्या मंगलाताई ती पानं उतरवत बसल्यात, हे चित्र मला फार आवडतं. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग नाव बाहेर आलं. पुढच्या वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी तिची दखल घेतली. आणि विज्ञानकथा लिहिणारा हाच माणूस २०२१ मध्ये नाशिकच्या संमेलनाचा अध्यक्ष झाला.

तेव्हा तुला नाव लपवावंसं वाटलं तर खुशाल लपव. माहेरचं आडनाव लाव, आजीचं नाव घे. परिषदेची स्पर्धा आहे, दिवाळी अंक आहेत. दिवाळी अंकांचं काम पावसाळ्यातच सुरू होतं, म्हणजे आवणी संपायच्या आत तुझी पहिली प्रत तयार हवी. साडेतीन हजार शब्दांच्या पुढे जाऊ देऊ नकोस. स्वच्छ टाइप कर, पानांवर आकडे घाल, सोबत 'कृपया सांभाळून घ्यावे' असलं पत्र जोडू नकोस. तीन महिन्यांत उत्तर नाही आलं तर दुसरीकडे पाठव आणि तोवर पुढची कथा सुरू कर.

आणि हो, त्या बाईनं शेवटी पाणी मागितलं की नाही, ते मला आत्ताच सांगू नकोस. तुलाही अजून ठरवायची गरज नाही. आधी ते ओट्यावरच्या पिशवीचं पान लिही, आणि भावजयीला निदान एक वाक्य तरी बोलू दे.